कोंबडीच्या पायाला बांधायचा सेल्फ-चिकट बँडेज रोल: पैसे वसूल, पण अटी लागू

आधी निकाल सांगून टाकते, पुराण नंतर. पाचपैकी चार स्टार. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे रोल सगळे जवळपास सारखेच असतात, शंभरच्या आतबाहेर मिळतात, फरक पडतो तो रुंदीनं आणि तुम्ही पट्टीखाली काय ठेवता त्यानं.

आम्ही मुंबईत मढला राहतो, मागच्या दारी थोडी मोकळी जागा आहे, तिथे गावठी कोंबड्या. पावसाळ्यात खुराड्यात ओल राहते, कोबा खडबडीत, वर ह्या बाया उंच फळीवरून धपकन खाली उड्या मारणार. तळव्याला कुठेतरी बारीक चीर पडते नाहीतर काच-कुसळ टोचतं, त्यातून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफ नावाचे, आणि तळवा सुजतो. बंबलफूट म्हणतात याला. आमची चंपी लंगडायला लागली म्हणून उचलून बघितलं तर तळव्याच्या बरोबर मध्ये काळी, गोल, कडक खपली, आजूबाजूला लाल आणि हाताला गरम. दाणे खात होती, अंडं पण देत होती, फक्त तो पाय टेकवायला तयार नाही.

तर रोल. सुरकुतलेली ताणणारी पट्टी असते ती, स्वतःलाच चिकटते पण कातडीला नाही, पिसाला नाही. क्रिकेट खेळणारी पोरं बोटांना, मनगटाला गुंडाळतात तीच. मेडिकलमध्ये कोहेसिव्ह बँडेज म्हणून मागायची, आमच्या इथल्या मेडिकलवाल्यानं आधी क्रेप बँडेजच पुढे केली, मग पेट शॉपमधून आणली. साधी क्रेप माणसाच्या घोट्याला ठीक आहे हो, कोंबडीच्या पायाला जाड होते आणि ती क्लिप तर लावूच नका, कोंबडी टोचून काढणार आणि गिळली तर नवीन दुखणं. कागदी टेप ओल्या पायावर धरत नाही. सुती चिंधीची गाठ चोचीनं सुटते. ही पट्टी मात्र राहिली, आणि काढताना पायाची खवलं ओढली गेली नाहीत, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. "हळद नि खोबरेल लाव, आमच्या वेळी कुठे होत्या पट्ट्या." म्हटलं आई, तेलावर पट्टी घसरते. "मग बघू तुझी पट्टी किती टिकते ते." कोंबडी तेवढ्यात टॉवेलातून मान काढून दोघींकडे बघत होती.

टॉवेलाचं सांगायलाच हवं. जुना टर्किश टॉवेल घ्या, पंख अंगाशी दाबून गुंडाळा आणि टोक डोक्यावरून घ्या, अंधार झाला की कोंबडी बऱ्यापैकी गप्प बसते, फक्त छाती आवळू नका, तिला श्वासाला छाती हलवावी लागते. एकानं मांडीवर धरायची, दुसऱ्यानं पायाचं बघायचं, एकट्यानं जमत नाही. हातमोजे घाला, हा स्टॅफ माणसाच्या जखमेत पण जाऊ शकतो.

पट्टी बांधायच्या आधी पाय शेकवायचा. टबात कोमट पाणी, मूठभर एप्सम सॉल्ट (मेडिकलमध्ये मिळतं, सैंधव नव्हे, दुकानदार सैंधव देतात कधीकधी), दहा-पंधरा मिनिटं पाय त्यात. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय नीट पुसून कोरडा करायचा आणि बीटाडिन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून खपलीवरून. त्यावर न चिकटणारा गॉझ, चौकोनी घडी करून, आणि मग ही पट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, जखमेबरोबर चांगलं मांस पण जळतं.

आता रुंदीची भानगड, जिथे एक स्टार कापला. मला मिळाला पाच सेंटीमीटरचा रोल, कोंबडीच्या बोटांमधून तो जातच नाही, कात्रीनं उभा अर्धा कापावा लागतो आणि कापलेली कड सुटते. अडीच सेंटीमीटरचा मिळाला तर तोच घ्या. सुरुवात तळव्यावरच्या गॉझपासून, मग एका बोटाच्या फटीतून वर, नडगीला एक वेढा, परत खाली दुसऱ्या फटीतून, असं आठच्या आकड्यात, शेवट नडगीवर. ताणायची नाही हं. रोलमधून आधी हवी तेवढी पट्टी सैल सोडवून घ्या आणि मग नुसती ठेवत जा, कारण ही ताणून बांधली तर आवळत बसते. नंतर तासाभरानं बोटं बघा, सुजली किंवा गार पडली किंवा रंग बदलला तर कापून टाका. मी बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवली, त्यामुळे बघता येत होतं.

दुसरी तक्रार पाण्याची. पट्टी ओली झाली की आतला गॉझ पण ओला, आणि ओल्या गॉझखाली जंतूंची चैनच. जुलैमध्ये तुम्ही कोंबडीला अंगणात सोडणार आणि पट्टी कोरडी राहणार, असं होणार नाही. कोरड्या खोक्यात भुसा घालून तिला आत ठेवावं लागलं, पट्टी रोज बदलली. भुसा सुताराकडून आणला, रंध्याचा जाड भुसा बघून, प्लायवूडची बारीक धूळ नको. रोलचा यात दोष नाही म्हणा, पण पाकिटावरचं वॉटर रेझिस्टंट वाचून हुरळून जाऊ नका.

आणि ही पट्टी कशाला पुरत नाही ते पण ऐका. नुसती खपली आणि थोडी सूज असेल तोवर घरचं ठीक. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, आत घट्ट गोळा होतो, तो दाबून निघत नाही, दाबलात तर उलट आत पसरतो. ब्लेडनं खपली उकरून गोळा काढायचे व्हिडिओ पाहिलेत मी, काहीही करतात लोक, भूल नाही काही नाही. सूज वर घोट्याकडे चढली, बोटांमध्ये फुगलं, कोंबडी खायची बंद झाली तर डॉक्टर, कारण इन्फेक्शन हाडात गेलं की पट्टीचा उपयोग शून्य. आमच्यासाठी ते म्हणजे मढ जेट्टीवरून फेरीनं वर्सोवा, रिक्षानं अंधेरी, लोकलनं प्रभादेवी आणि तिथून परळचं बैल-घोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई. त्याच आवारात १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज आहे. खोक्यात कोंबडी घेऊन अंधेरीला गाडीत चढून बघा, गर्दीत पण जागा मिळते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांनाच विचारा, माणसाच्या गोळ्या अंदाजानं तोडून देऊ नका.

चंपीवर तशी वेळ आली नाही. खपली हळूहळू लहान होत आपोआप गळली, खाली गुलाबी कातडी. सासूबाईंनी पाय उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, हळद लावली असती तर लवकर झालं असतं. त्याच आठवड्यात फळी खाली आणली, काठ पॉलिश पेपरनं घासले, नाहीतर दुसऱ्या पायाला परत तेच.

रंग घेताना लाल घेऊ नका. बाकीच्या कोंबड्या लाल दिसलं की टोचायला धावतात, काळा किंवा तपकिरी बरा. लेटेक्सची ॲलर्जी घरात कोणाला असेल तर पाकिटावर लेटेक्स-फ्री बघून घ्या. उरलेला रोल डबाबंद ठेवा, आपल्या दमट हवेत उघडा राहिला की वेढे एकमेकांना चिकटून बसतात आणि सोडवताना तुटतात.