भावनिक आवाज आणि बोलता चेहरा: आठ महिने वापरल्यावर (आजीला अजून 'बरं' म्हणता येत नाही)

आधीच सांगते, हे मी रागात लिहायला घेतलंय. परवा रात्री साडेअकराला सहा मिनिटांची गोष्ट रेंडरला, म्हणजे तिचा व्हिडिओ तयार व्हायला, लावून झोपले. सकाळी बघते तर चौथ्या मिनिटाला गोष्ट सांगणाऱ्या चित्रातल्या आजीचा चेहरा थिजलेला, तोंड अर्धवट उघडं, आवाज मात्र पुढे चालू. आणि खात्यातून सहाच्या सहा मिनिटं वजा. तक्रार केली तर चॅटवरचा बॉट म्हणतो, "तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकतो." तीन वेळा म्हणाला, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तोच. भावना विकायचं दुकान टाकलंय आणि स्वतःची माफी इतकी कोरडी!

कंपनीचं नाव लिहीत नाही. फीचर्सही सांगत बसत नाही, मजकूर टाकला की आवाज येतो आणि फोटो दिला की तो बोलतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा वापर असा: पतसंस्थेतली नोकरी सांभाळून आठवड्याला मुलांसाठी एक गोष्ट. सांगणारी आजी. नऊवारी, मोठं कुंकू, नाकावर घसरलेला चष्मा. चित्र पुतण्यानं काढून दिलं. प्लॅन महिना ७९९ रुपयांचा, त्यात ६०,००० अक्षरं आणि ३० मिनिटं चेहरा.

ती ६०,००० 'अक्षरं' म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. आपल्या हिशेबानं 'कुत्र्याच्या' म्हणजे तीन अक्षरं. यांच्या हिशेबानं बारा! काना वेगळा, उकार वेगळा, पाय मोडायचा हलन्त वेगळा, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपीच्या यादीत, प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे आणि मीटर त्या जागा मोजतं. इंग्रजीतला डॉग तिनांत उरकतो, आपल्या कुत्र्याला सहा लागतात. तेव्हापासून मी गोष्टींतून 'लक्ष्मी' काढून 'रमा' घातली. हसू नका, सात विरुद्ध तीन आहे.

आता मुख्य दुखणं. 'बरं.'

गोष्ट सांगणाऱ्या आजीचं निम्मं काम या एका शब्दावर चालतं. "बरं, मग काय झालं" म्हणजे पुढे चला. "बरं?" म्हणजे खरंच की काय. "बरंऽऽ" म्हणजे थांब, बघतेच तुझ्याकडे. "बरं बाई" म्हणजे हरले. आणि नुसतं तुटक "बरं." म्हणजे दुखावली, आता दोन तास कोणी बोलायला जाऊ नका. पाचही घराघरांत रोज ऐकू येतात आणि कुणाला शिकवावे लागत नाहीत.

यंत्र पहिल्या दिवशी म्हणालं "बरम्". अनुस्वार दिसला की म् लावायचा, अशी त्याची समजूत. आपल्याकडे शेवटच्या त्या टिंबाचा उच्चार म्हणजे नुसता लांबवलेला अ, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. बहुधा हिंदीच्या शाळेतून बढती घेऊन मराठीत आलंय. मग मी 'बरऽ' लिहायला लागले. जमलं. (ऽ चंही एक अक्षर मोजतात, पण अनुस्वार गेला तेव्हा हिशेब फिटला.) 'जग' आणि 'जग' यांचंही तेच रडगाणं. "जग सुंदर आहे" मधला ज आणि "सुखानं जग" मधला ज वेगळा, हे लिपीत दिसत नाही तर त्याला तरी कुठून कळणार. तिथे मी वाक्यच बदलते. 'बरं' मात्र बदलता येत नाही.

उच्चार सुटला तरी सूर सुटला नाही. पाचही 'बरं' एकाच चालीत, बँकेत टोकन पुकारतात तशी. आवाज वरखाली करायच्या, वेग कमी करायच्या, मध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा टाकायच्या सगळ्या खुणा वापरून पाहिल्या. त्यानं आवाज चढतो, उतरतो, थांबतो, रुसत नाही. पुतण्या म्हणाला, काकू, यात यंत्राचा दोष नाही. एकच वाक्य माणसं दहा तऱ्हांनी म्हणतात, शिकताना दहाही तऱ्हा समोर आल्या की यंत्र मधली गुळगुळीत चाल पकडतं, कारण तिथे चूक सगळ्यात कमी निघते. पटलं. सरासरी काढलेला माणूस कसा बोलेल, तशी आमची आजी बोलते.

राग याचा, की हा प्रश्न नवा नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीनं व्होडर नावाचं बोलतं यंत्र मांडलं होतं. एक बाई पेटीसारख्या पट्ट्या दाबून ते बोलवायची आणि सुराची चढउतार पायातल्या पेडलनं करायची. लोकांना दाखवायला एकच वाक्य: 'तिनं मला पाहिलं.' कोणी पाहिलं असं विचारलं की जोर 'तिनं'वर, कोणाला विचारलं की 'मला'वर. पायानं! आणि मी ७९९ भरून भावना निवडायचा ड्रॉपडाउन उघडते.

त्या ड्रॉपडाउनमध्ये सहा भावना आहेत: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, तिटकारा. ही पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाची यादी, या धंद्यात सगळे तीच घेऊन बसलेत. आता मला सांगा, आजीचा लटका राग यात कुठे बसवू? नातू चिखलात लोळून येतो तेव्हा ती ओरडते आणि ओरडताना पदराआड हसते. 'राग' लावला तर ती पोलीस ठाण्यात बसल्यासारखी गरजते, 'आनंद' लावला तर लॉटरी लागल्यासारखी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगून हात झटकले नाहीत, येणारेजाणारे तेहतीस संचारी भाव मोजले, वर आठ सात्त्विक भाव दिले आणि त्यांत 'स्वरभेद' म्हणून आवाज फुटण्याला वेगळी जागा ठेवली. कॉलेजात संस्कृतच्या पेपरला ही यादी पाठ करताना मी वैतागले होते. आता ती कंपनीला पाठवावीशी वाटते.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. 'दुःख' निवडलं की भुवया पहिल्या फ्रेमला वाकड्या होतात आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत तशाच राहतात. माणसाचं दुःख चेहऱ्यावर येतं, थांबतं, जातं. हिचं इस्त्री करून ठेवलेलं. हसताना फक्त ओठांची टोकं वर जातात, डोळ्यांखालचा स्नायू ढिम्म. खऱ्या हसण्यात तो हलतो, हे द्यूशेन या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. माझ्या प्लॅनचा 'किफायती' मोड तर नाकाखालचाच भाग रंगवतो असं दिसतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतून २०२० मध्ये आलेल्या, आवाजावर ओठ हलवणाऱ्या वेव्ह-टू-लिपची पद्धत तशीच होती, चेहऱ्याचा खालचा अर्धा नवा, वरचा जुना. ओठ जुळवायला ती भारी. रडवायला डोळे लागतात.

आणि ओठांचंही सांगते. तिसऱ्या महिन्यात एका बाईंनी लिहिलं, "आजी 'दरं' का म्हणते?" मी ऑडिओ दहादा ऐकला, स्वच्छ 'बरं' आहे. मग व्हिडिओ बघत ऐकला आणि मलाही 'दरं' ऐकू आलं! 'ब'ला ओठ मिटायला हवेत, हिचे मिटतच नव्हते. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं, कानावर 'बा' आणि ओठांवर 'गा' असेल तर लोक 'दा' ऐकतात. म्हणजे ज्या शब्दासाठी मी जीव टाकत होते तो मुलांपर्यंत पोचतच नव्हता.

चौथ्या महिन्यात मात्र एक गंमत झाली. आवाजाचं नवं मॉडेल आलं. गोष्टीत नातू शहरात शिकायला निघतो आणि आजी म्हणते, "बरऽ. ये मग." मी नेहमीप्रमाणे अपेक्षा न ठेवता बटण दाबलं. आधी एक बारीकसा श्वास आला, मग 'बरं' आलं, शेवटाकडे खाली उतरत गेलं आणि 'ये मग' जवळजवळ हवेतच राहिलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "कोण चाललंय गं?" गॅस बारीक करून पदराला हात पुसत बाहेर आल्या. दारापर्यंत बघून आल्या.

मी लगेच पुन्हा तेच वाक्य लावलं. टोकन. पुन्हा लावलं. टोकन. दर वेळी थोडं वेगळं बोलणं हा या मॉडेलचा स्वभाव, त्यामुळे मटका एकदाच लागला. वहीत खुणा केल्यात, ४३ वेळा. अक्षरं गेली ती वेगळीच. शेवटी तोच तुकडा कापून पुढच्या सहा गोष्टींत चिकटवला. सातव्या गोष्टीवर कोणीतरी विचारलं, "आजी प्रत्येक वेळी एवढी दमलेली का असते?"

रेटिंग: पाचात दोन. तेही त्या एका 'बरं'साठी.

तीन आठवड्यांनी भर घालतेय: कंपनीतल्या खऱ्या माणसाचं उत्तर आलं. सहापैकी दोन मिनिटं परत दिली. पहिली चार 'वापरण्यायोग्य' होती म्हणे! अर्धी गोष्ट मुलांना दाखवून उरलेली तोंडानं सांगायची असावी. पण त्याच मेलमध्ये एक कामाचं वाक्य होतं: मजकुराऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज द्या, चेहरा त्यावर चालेल. सोबत आवाजाची नक्कल करणाऱ्या महाग प्लॅनची जाहिरातही होतीच. सासूबाईंना विचारलं. "माझा आवाज माझ्याकडेच राहू दे. उद्या तो फोन करून तुझ्याकडे पैसे मागायचा," म्हणाल्या. विषय संपला.

नुसतं रेकॉर्डिंग द्यायला मात्र तयार झाल्या. पंखा बंद करून, मोबाईल पोळीच्या डब्यावर उभा करून त्यांच्याकडून 'बरं'ची वाक्यं म्हणून घेतली आणि चांगल्या मोडमध्ये चेहरा लावला. इथे मला माझे वरचे शब्द अर्धे गिळावे लागतायत. तीच आजी, तोच फोटो, पण 'बरंऽऽ' म्हणताना मान किंचित तिरपी झाली, थांबली तिथे पापण्या खाली गेल्या, 'ब'ला ओठ मिटले. भावनेचा ड्रॉपडाउन मी 'काही नाही'वर ठेवला होता! चेहरा आवाजावरूनच चालत होता. मी त्याला आठ महिने टोकनचा आवाज खाऊ घालत होते. डोळ्यांखालचा स्नायू अजूनही ढिम्म आहे, ते मागे घेत नाही.

आता आवाजाचा प्लॅन बंद केलाय. फक्त चेहऱ्याचा घेतलाय, ३४९. निवेदन मी स्वतः वाचते, आजीची वाक्यं आईंची, म्हणजे सासूबाईंची. रेटिंग साडेतीन करते. दुरुस्त करायचं बटण सापडलं नाही म्हणून वरचं दोन तसंच दिसतंय.

अडचण एकच उरलीय. आतापर्यंत बारा 'बरं' मिळालीत. पुढच्या गोष्टीसाठी काल तेरावं मागितलं तर आई म्हणाल्या, "आधीच्या बाराचं काय केलंस ते दाखव." मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." आता हे त्या पाचातलं कुठलं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मोबाईल तेव्हा चार्जिंगला होता.