२२,६०० किलोमीटरला पुढचं ब्रेक पॅड संपलं: नव्या गाडीचा दोन वर्षांचा अनुभव

गाडी घेतली २०२३ च्या दसऱ्याला. पेट्रोल, ऑटोमॅटिक, छोटी एसयूव्ही. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून नवी मुंबईत महाप्याला ऑफिस, आठवड्यातले पाच दिवस, येऊन-जाऊन साधारण पन्नास किलोमीटर. बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. एसी चांगला आहे, सासऱ्यांचे गुडघे दुखतात तरी त्यांना चढ-उतार सोपी जाते. लिहायचंय ते फक्त ब्रेकबद्दल, कारण जुलै २०२५ मध्ये सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात १७,५७२ रुपयांचं एस्टिमेट ठेवलं.

सुरुवात आवाजाने झाली. पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि ब्रेक पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबतात त्या लोखंडी तबकडीवर, तांबूस गंज धरतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते आणि जाते. मी तेच समजून चालले. पण हा आवाज बारीक आणि चिरका होता, वाघबीळ गेलं, माजिवडा गेलं तरी थांबेना. सोसायटीत गाड्या धुणारा दादाही म्हणाला होता, "ताई, डाव्या चाकाला काळं जास्त लागतंय." ती झिजणाऱ्या पॅडची पूड होती. तेव्हाच थांबायला हवं होतं. आठवड्याभराने कळव्याच्या पुलावर गाड्या खोळंबलेल्या असताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि पेडलमधून तळपायाला थरथर जाणवली. विटाव्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. उजवं चाक नुसतं कोमट होतं.

सर्व्हिस ॲडव्हायझरचं उत्तर तयार होतं: "मॅडम, घोडबंदरचं ट्रॅफिक, त्यात ऑटोमॅटिक. पॅड जाणारच. वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही." पॅड चार हजार शंभर, दोन्ही डिस्क सात हजार सहाशे, त्यावर २८ टक्के जीएसटी, मजुरी बावीसशे आणि तिच्यावर १८ टक्के.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, असली की ब्रेकवरून पाय काढताच स्वतःहून सरकते, त्यामुळे कापूरबावडीपासून माजिवड्यापर्यंत पाय ब्रेकवरच असतो. गिअरच्या गाडीत इंजिन जेवढा वेग ओढून धरतं, तेवढं इथे होत नाही. पॅड, वायपर, क्लच या झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीबाहेर असतात हेही मला माहीत आहे. पण ट्रॅफिक दोन्ही चाकांना सारखंच लागतं ना? मग गरम एकच का झालं?

मी सांगितलं, काढलेले चारही पॅड मला दाखवा. थोडी कुरकूर झाली, पण आत जाऊ दिलं. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड पाच-पाच मिलिमीटर उरले होते. डाव्या चाकाचं बाहेरचं सहा. आणि आतलं? लायनिंग, म्हणजे पॅडवरचा झिजणारा थर, नावाला नव्हतं. मागची लोखंडी पट्टी उघडी पडून आरशासारखी चकाकत होती आणि डिस्कच्या आतल्या अंगाला तिने नखाला लागतील अशा चऱ्या पाडल्या होत्या.

चाक उघडणाऱ्या मेकॅनिकने न विचारता कॅलिपरची, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्याची, पिन पुढे केली. रबराचं बूट फाटलेलं, ग्रीसचा पत्ता नाही, पिनवर विटकरी गंज. "हाताने सरकायला पाहिजे ताई, ही पाना लावून काढली." त्याने दोन मिनिटांत समजावलं. ब्रेक मारला की पॅड ढकलणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एकाच बाजूला असतो. तो आतलं पॅड दाबतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिन जाम झाली की सगळा भार आतल्या पॅडवर येतो, आणि पाय काढल्यावरही ते डिस्कला घासतच राहतं. म्हणजे शहराने खाल्लं ते उजव्या चाकात दिसत होतं. डाव्यातलं बाकीचं त्या पिनेने खाल्लं होतं, आणि पिन काही वेअर अँड टेअर नाही.

चारही पॅड एका ओळीत ठेवून फोटो काढले, पिनेचा जवळून काढला, आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला. गाडी बारा दिवस तिथेच. मी रोज रिक्षा आणि बस. तिसऱ्या मेलनंतर उत्तर आलं: कॅलिपरची दुरुस्ती आणि मजुरी मोफत, डिस्क निम्म्या किमतीत, पॅड माझ्या खर्चाने. १०,११२ रुपये भरले. डिस्कचं निम्मं मला आजही पटलेलं नाही, पण गाडीची गरज होती.

पैशांपेक्षा राग आला तो मे महिन्यातल्या वीस हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचा. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिसच्या कामाच्या कागदावर, ब्रेकसमोर 'ओके' लिहिलंय. चाक न काढता अलॉयच्या फटीतून बघितलं की बाहेरचं पॅड तेवढं दिसतं, आणि ते जाड होतं. अडीच हजार किलोमीटरनंतर जे पॅड संपलं, ते मे महिन्यातही पातळच असणार. तेव्हा चाक काढलं असतं तर पिनेला ग्रीस आणि नवं बूट एवढ्यावर भागलं असतं, डिस्क वाचली असती. या गाडीत माझी मुलगी मागे बसते. 'ओके' लिहिणाऱ्याने बघून लिहावं एवढीच माझी अपेक्षा होती.

आता जॉब कार्डवर मी स्वतः लिहून घेते: चारही चाकं काढा, आतलं-बाहेरचं दोन्ही पॅड मोजा, आकडे लिहा, पिना सरकवून बघा. नकार अजून कोणी दिलेला नाही. तीस हजारच्या सर्व्हिसला पुढच्या चाकांचे आकडे आले, मिलिमीटरमध्ये: डावं आतलं आठ, बाहेरचं आठ, उजवं आतलं साडेसात, बाहेरचं आठ. तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसीसोबत ठेवलाय.