आधी वरचा पाट की खालचा? पोंता दो सोलची गोल फेरी

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंता दो सोल गावाच्या वर, लोंबाडा वस्तीतल्या गुलाबी वाड्यापासून निघणारी पाटांची फेरी (डोंगरकडेनं पाणी नेणाऱ्या पाटांच्या, म्हणजे लेव्हाडांच्या काठानं चालायची) करायचं नक्की झालं असेल, तर प्रश्न उरतो दिशेचा. जाताना वरचा पाट, म्हणजे लेव्हाडा नोव्हा, आणि येताना खालचा लेव्हाडा दो मोइन्यो? की उलट? दरी तीच, अंतर तेवढंच. मी दोन्ही बाजूंनी चाललोय.

खालून सुरुवात करा म्हणणारे बरेच भेटतील, आणि त्यांचं म्हणणं वावगं नाही. मोइन्योच्या काठानं पाय मोकळे होतात, जुन्या पाणचक्क्यांचे अवशेष बघता येतात, उंचीची नजरेला सवय होते. शिवाय दरीच्या टोकाशी दोन पाटांना जोडणारी वाट खडी आहे. गुडघे कुरकुरत असतील तर ती उतरण्यापेक्षा चढलेली बरी. इथपर्यंत मोइन्योचं पारडं जड.

पण चढून नोव्हावर आलात की धबधबा येतो. वाट त्याच्या पडद्यामागून जाते. अंगावर तुषार घ्यायला मजा येते, फक्त बुटांचे तळ ओले होतात. मग बोगदा: अंधार, मान वाकवून चालणं, पायाखाली डबकी. आणि त्यातून बाहेर पडल्यावर समोर काय, तर नोव्हाचा अरुंद सिमेंटचा काठ! डोंगराकडच्या अंगाला पाणी, दुसरीकडे सरळ दरी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. ओल्या तळांच्या बुटांनी, दमलेल्या पायांनी तिथं चालताना माझं सगळं लक्ष बुटांकडे होतं; दरी बघायची राहूनच गेली. त्यात समोरून माणसं आली की दर वेळी थांबायचं, एक पाय पाटापलीकडच्या खडकावर टेकायचा आणि त्यांना जाऊ द्यायचं. (दरीकडच्या अंगानं कुणाला ओलांडायला जाऊ नये, घाई त्याची असो की आपली.)

नोव्हापासून निघालं की हाच काठ ताज्या पायांनी, कोरड्या बुटांनी पार होतो. वाड्याशेजारच्या चर्चजवळच्या पायऱ्या सुरुवातीलाच दम काढतात, हे खरं. धबधब्यानंतरची उतरणही निसरडी लागते, पण तिथं हात टेकता येतो, वेळप्रसंगी बसून घसरता येतं. मग मोइन्योवरून गप्पा मारत परत. तोही अगदी निर्धोक नाही, पण नोव्हाच्या मानानं सौम्य. खालच्या केळीच्या बागाही तेव्हा निवांत बघून होतात.

तुमचे गुडघे माझ्यापेक्षा नाजूक असतील तर उलटं करा, माझा आग्रह नाही. मला विचाराल तर नोव्हा आधी. बॅटरी डोक्याला बांधायची घ्या, म्हणजे बोगद्यात दोन्ही हात मोकळे राहतात. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर दोन्ही दिशा विसरा. वरून दगड सुटतात. आणि उंचीवर चक्कर येणारं कुणी बरोबर असेल तर नोव्हा सोडून द्या, मोइन्योवरूनच जमेल तेवढं जाऊन परत या.