ग्रब२ ची अँटीबॉडी: वेस्टर्नला झकास, आयपीत जपून

पीएचडीचं चौथं वर्ष, फेलोशिप तीन महिने अडकलेली, त्यात सरांच्या मागे लागून मागवलेली ही ग्रब२ नावाचं प्रथिन ओळखणाऱ्या, सशाच्या अँटीबॉडीची १०० मायक्रोलिटरची कुपी. लिहिण्यात थोडा कडवटपणा आला तर समजून घ्या.

पार्सल पुण्यात लॅबला पोचेपर्यंत बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. पुरवठादार म्हणाला, "मॅडम, काही होत नाही." आणि खरंच काही झालं नाही. वेस्टर्न, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून हवं ते अँटीबॉडीने शोधणं. ए४३१ या माणसाच्या कॅन्सर पेशी फोडून केलेल्या लायसेटवर १:१००० ने लावली, ग्रब२ च्या वजनाला, २५ किलोडाल्टनला, एकच काळाभोर बँड. आजूबाजूला कचरा नाही. नुसतं वेस्टर्न करायचं असेल तर डोळे मिटून घ्या.

मला मात्र ग्रब२ आहे की नाही हे बघायचं नव्हतं, तो असतोच. ईजीएफ म्हणजे पेशीला वाढायला सांगणारा निरोप; तो घेणाऱ्या रिसेप्टरला ग्रब२ कधी चिकटतो, ते हवं होतं. हा काही एन्झाइम नाही, २१७ अमिनो आम्लांचा निव्वळ मध्यस्थ. ईजीएफ आलं की रिसेप्टरच्या शेपटीवरच्या टायरोसिनांना फॉस्फेट लागतं. मधल्या एसएच२ या भागाने ग्रब२ तिथे पकडतो, दोन्ही टोकांच्या एसएच३ भागांनी सॉस नावाच्या प्रथिनाला ओढून आणतो आणि सॉस रासला, म्हणजे वाढीच्या स्विचला, चालू करतो. गंमत म्हणजे सीबीएल या प्रथिनालाही हाच घेऊन येतो, आणि सीबीएल रिसेप्टरवर युबिक्विटिनची खूण डकवून त्याची रवानगी लायसोसोमकडे, पेशीच्या मोडीखान्याकडे, करतो. कामाला लावणारा हाच, घरी बसवणाराही हाच.

तर आयपी केली, म्हणजे अँटीबॉडीने एक प्रथिन त्याला चिकटलेल्यांसकट ओढून काढलं. रात्रभर सीरमविना ठेवलेल्या पेशी, ५ मिनिटं ईजीएफ, रिसेप्टरच्या अँटीबॉडीने ओढलं, मग ग्रब२ साठी वेस्टर्न. सगळ्या लेनमध्ये बँड! ईजीएफ न दिलेल्यातसुद्धा. दोन दिवस मी मनात पेपर लिहीत होते. मग लॅबमधल्या सीनिअर ताईने फिल्म उजेडाला धरली. "अगं, ही लाइट चेन आहे."

ओढायची अँटीबॉडीही सशाचीच होती. उकळून जेलवर चढवली की तिची लाइट चेन, म्हणजे अँटीबॉडीचा छोटा तुकडा, हीसुद्धा २५ लाच येते, आणि सेकंडरीला (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून बँड दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीला) काय, ससा दिसला की चिकटली. नुसत्या आयजीजीचा (रिसेप्टर न ओळखणाऱ्या साध्या अँटीबॉडीचा) कंट्रोल लावला नव्हता, ती चूक माझी. पण डेटाशीटवर 'वेस्टर्न, आयपी दोन्हीला चालते' असं ठळक छापताना ही एक ओळ टाकायला काय हरकत होती? एक तारा त्यासाठी कापलाय, बर्फासाठी नाही.

शेजारच्या लॅबमधून रिसेप्टरची उंदराची अँटीबॉडी उसनी आणली. आता शून्य मिनिटाची लेन कोरी, ५ मिनिटांच्या लेनमध्ये बँड. उरलेली कुपी छोट्या ट्यूबांत वाटून ठेवलीये. कोणी मागितली तर संपली म्हणून सांगते.