‘भारतीय संस्कृती’वरचा लेख निवडताना : विश्वकोश की विकिपीडिया?

बडोद्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी निबंधासाठी किंवा वक्तृत्वासाठी ‘भारतीय संस्कृती’ हा विषय मिळाला, की समोर दोन पर्याय असतात : मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया. दोन्ही फुकट, दोन्ही मोबाईलवर. यातलं आधाराला काय घ्यायचं हे ठरवताना माहिती किती आहे यापेक्षा मजकूर लिहिलाय कसा, हे आधी बघावं. कारण राष्ट्राच्या संस्कृतीवरचा लेख हा कोशातला सगळ्यात फसवा प्रकार आहे. लढाईवरच्या लेखात सन चुकला तर कुणीतरी पकडतं. संस्कृतीवर काहीही न सांगता तीन पानं सहज भरतात.

म्हणून पहिली चाचणी : ‘भारत’ खोडून तिथे ‘इराण’ लिहा. ‘या देशाला हजारो वर्षांची समृद्ध परंपरा असून येथील लोक पाहुण्याला देव मानतात’ हे वाक्य इराणलाही चालतं आणि मेक्सिकोलाही. ते काढून टाकलं तरी लेखाचं काही बिघडत नाही. उलट, ‘सयाजीरावांच्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झाली’ हे वाक्य दुसऱ्या देशात नेताच येत नाही. प्रस्तावना सोडून लेखाच्या मधली दहा सलग वाक्यं घ्या आणि अशी न हलणारी किती आहेत ते मोजा. सहाच्या वर असतील तर पुढे वाचा. तीनच्या आत असतील तर तो लेख नव्हे, नुसतं कौतुक आहे.

या चाचणीत विश्वकोश सहसा तरतो, आणि त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली हे काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६चा. नोंद त्या विषयाच्या जाणकाराने लिहायची, संपादकांनी तासायची, शेवटी लेखकाचं नाव द्यायचं. नाव खाली येणार म्हटल्यावर माणूस जपून लिहितो. एका हातचा मजकूर असल्यामुळे मागच्या वाक्याचा धागा पुढच्यात येतो आणि ‘असं का झालं’ याचं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. याची किंमतही आहे. वाक्यं लांब, समास दाट, आणि शुद्धलेखन जिथे जुन्या वळणाचं तिथे मूल अडखळतं. गुजराती माध्यमातला नववीचा विद्यार्थी दुसऱ्या परिच्छेदातच दमतो. शिवाय संदर्भग्रंथांची यादी नोंदीच्या शेवटी एकत्र असते, त्यामुळे कुठलं विधान कुठल्या पुस्तकातलं हे कळत नाही.

विकिपीडियाचं याच्या नेमकं उलट. तिथे वाक्यागणिक तळटीप देता येते, आणि जिथे आधार नाही तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. ही खूण दिसली म्हणून लेख वाईट ठरवू नका. निदान कुणीतरी तो तपासलाय. दोष दुसरीकडे असतो. दहा जणांनी दहा वेळा भर घातलेल्या लेखात सणांची यादी फुगत जाते आणि कुटुंब, जात, भाषा, कायदा यांना दोन-दोन ओळी मिळतात. प्रत्येक मथळ्याखालच्या ओळी मोजा; सण आणि खाणं मिळून अर्ध्याच्या वर गेलं तर तोल गेलाय. इंग्रजीतून उचललेला मजकूरही लगेच कळतो : ‘महिलांद्वारे सादर केले जाणारे नृत्य’. बायका गरबा खेळतात, सादर करत नाहीत.

आता आकडे. ‘शास्त्रीय नृत्ये आठ’ असं वाचलं की विचारा, कुणाच्या मोजणीने? संगीत नाटक अकादमीच्या यादीत ८ आहेत, सांस्कृतिक मंत्रालय छाऊ धरून ९ मोजतं. चांगला लेख यादी कुणाची ते सांगतो. ‘मानले जाते’, ‘म्हटले जाते’ यांनाही हाच प्रश्न लावा. ताजेपणात मात्र छापील खंड हरणारच : गुजरातच्या गरब्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२३ साली जागा मिळाली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीसह पाच भाषांना अभिजात दर्जा मिळून असा दर्जा असलेल्या भाषा सहाच्या अकरा झाल्या. विकिपीडियावर हे एका परिच्छेदात दुरुस्त होतं आणि दुसऱ्यात जुनाच आकडा राहून जातो, म्हणून एक आकडा लेखभर शोधून बघा.

दोन्हीकडे लागू पडणारी, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची कसोटी म्हणजे लेख धागे जोडतो की नुसती वाटणी करतो. ‘भरतनाट्यम तमिळनाडूचं, गरबा गुजरातचा, लावणी महाराष्ट्राची’ ही वाटणी तोंडपाठ करायला सोपी, पण बडोद्यातच ती टिकत नाही. सयाजीरावांचं १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी लग्न झालं आणि तिच्यामागून तंजावरचे नर्तकी-वादक इथल्या दरबारात आले. इथल्या कीर्तिमंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या भिंती शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी रंगवल्या. कला कुणाबरोबर, कुणाच्या पैशाने, कुठून कुठे गेली हे ज्या लेखात आहे तो घ्या.

आणि ते पाहुण्याला देव मानणारं वाक्य. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी उतारूगृहात राहिले, तिथूनही हाकलले गेले. ज्या लेखात आतिथ्य आहे पण अस्पृश्यता नाही, तो भाषेने कितीही गोड असो, अपुरा आहे.

तर निवड अशी. कॉलेजचा निबंध किंवा स्पर्धेचं भाषण असेल तर गाभा विश्वकोशातून घ्या, सन आणि आकडे विकिपीडियाच्या तळटिपांवरून पडताळा. सहावी-सातवीसाठी विकिपीडिया बरा, पण एखादा विभाग मोठ्यांनी छाटून दिलेला. अख्खा लेख देऊ नये. एकच सण किंवा एकच व्रत हवं असेल तर दोन्ही सोडा आणि महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश उघडा : नोंदी आटोपशीर आहेत, अकारादी क्रमाने लगेच सापडतात, अख्ख्या देशाचं चित्र मात्र आपलं आपण जुळवावं लागतं. मूल गुजराती सराईत वाचत असेल तर २५ खंडांचा गुजराती विश्वकोश आहेच, त्यातून टिपणं काढून मराठीत लिहू द्या.

विकिपीडिया वापरणार असाल तर आधी ‘इतिहास पहा’ (कधी काय बदललं ते इथे दिसतं) आणि चर्चापान (लेखाबद्दल संपादक जिथे बोलतात ते पान) उघडा. चर्चापानावर भांडण चालू असेल तर तो भाग सध्या घेऊ नका. आणि छापून मुलांना द्यायचा असेल तर कागदावर त्या आवृत्तीची तारीख लिहा, कारण पुढच्या वर्षीच्या वर्गाला तोच लेख तसाच मिळेल असं नाही.