फेल्डवेबेलच्या खांदापट्ट्या आणि पिवळी दोरी : संग्राहकाच्या नजरेतून

लष्करी सामान विकणाऱ्या जर्मनीतील एका दुकानाकडून मी जर्मन सैन्यातील हाउप्टफेल्डवेबेल या हुद्द्याच्या (हवालदारांसारख्या फेल्डवेबेल श्रेणीतील एका हुद्द्याच्या) खांदापट्ट्या आणि उजव्या खांद्यावर लावायची पिवळी दोरी असा संच मागवला. वस्तू म्हणून तो उत्तम आहे: दोरीची वीण घट्ट आहे, पट्ट्यांवरचे भरतकाम कुठेही उसवलेले नाही आणि बांधणी काळजीपूर्वक केलेली होती.

माझा आक्षेप आहे तो सोबतच्या माहितीपत्रकाला. ही दोरी म्हणजे हाउप्टफेल्डवेबेलची खूण, असे त्यात छापले आहे. प्रत्यक्षात पट्ट्या हुद्दा (रँक) दाखवतात, तर दोरी कंपनी फेल्डवेबेल हे पद, म्हणजे कंपनी या लष्करी तुकडीतील नेमणूक, दाखवते. आपल्याकडील कंपनी हवालदार मेजर हेही असेच पद असल्यामुळे मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल.

या गोंधळामागे मोठा इतिहास आहे. सोळाव्या शतकातील भाडोत्री पायदळात सैनिकांची लढाईची रचना लावण्याचे काम फेल्डवेबेलकडे असे. पुढे प्रशियाच्या सैन्यात तो कंपनीतील सर्वांत वरिष्ठ बिगर-अधिकारी (हवालदारासारखा, कमिशन नसलेला नायक) झाला आणि हुद्दा व पद एकाच माणसात सामावले. पहिल्या महायुद्धानंतर पूर्वीच्या व्हिसेफेल्डवेबेलनाच (उप-फेल्डवेबेलनाच) फेल्डवेबेल म्हटले जाऊ लागले, त्यामुळे कंपनीत या नावाची अनेक माणसे दिसू लागली. वेअरमाख्टमध्ये, म्हणजे नाझी काळातील जर्मन सैन्यात, हाउप्टफेल्डवेबेल हे केवळ पदनाम होते. ते सांभाळणाऱ्याच्या दोन्ही बाह्यांवर दोन-दोन पट्टे असत आणि नोंदवही अंगरख्याच्या बटणांमध्ये खोचलेली असे. 1955 मध्ये स्थापन झालेल्या बुंडेसवेअरने, म्हणजे आजच्या जर्मन सैन्याने, मात्र तेच नाव हुद्द्याला दिले. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने जुना अर्थ नव्या वस्तूला चिकटवला आहे.

कंपनीप्रमुखाच्या हाताखाली अंतर्गत शिस्त, माणसांचे प्रश्न आणि इतर बिगर-अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन पाहणाऱ्या कंपनी फेल्डवेबेलला सैनिक ‘कंपनीची आई’ म्हणतात. इतक्या जिव्हाळ्याच्या पदाची ओळख विक्रेत्याने अचूकच करून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आज हे पद बहुधा श्टाब्सफेल्डवेबेल किंवा ओबरश्टाब्सफेल्डवेबेल (हाउप्टफेल्डवेबेलच्या वरचे दोन हुद्दे) सांभाळतो. म्हणून सध्याच्या काळाशी जुळणारा संच हवा असलेल्यांनी दोरी जरूर घ्यावी, पण खांदापट्ट्या या दोनपैकी एका हुद्द्याच्या मागवाव्यात.