मूळव्याधीचा लेसर: डॉप्लरचा की थेट कोंबातला?

मूळव्याधीसाठी लेसर मशीन विकत घ्यायचं पक्कं झालं की सर्जनपुढे खरा प्रश्न येतो: डॉप्लरवर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या अल्ट्रासाउंडवर चालणारी ‘हेल्प’ पद्धत निवडावी, की फायबर (लेसरचा प्रकाश नेणारी बारीक तार) थेट कोंबात घालणारी ‘एलएचपी’? मी दोन्ही वापरल्या आहेत. लेसरची ताकद सांगणारी वॅट-जूलची कोष्टकं तुमच्याकडे आलीच असतील, ती सोडून देतो.

एलएचपी हातात लवकर बसते. कोंबाच्या पायथ्याशी बारीक चीर, त्यातून १४७० नॅनोमीटरचं फायबर आत, कोंब आतून आक्रसतो. टेबलावर सगळं छान दिसतं. मला जड गेलं ते नंतरचं. आतून भाजलेला कोंब पहिले काही दिवस सुजतो. सूज ओसरणार हे आपल्याला ठाऊक असतं. पेशंटला मात्र हाताला तोच गोळा लागतो. डिस्चार्जच्या वेळी कितीही समजावा, कागदावर लिहून द्या, दोन-तीन दिवसांत फोन येतोच, “डॉक्टर, कोंब आहे तिथेच आहे. काढलाच नाही का?” उसनवारी करून ऑपरेशनला आलेल्या माणसाचा जीव तेवढे दिवस टांगणीला लागतो. काही जण तर तपासणीला परत न येता जडीबुटीवाल्याकडे जातात. एवढ्या एका गोष्टीपायी माझं मन दुसरीकडे वळलं.

‘हेल्प’मध्ये कोंबाला हातच लावायचा नसतो. अल्ट्रासाउंड असला तरी पडद्यावर चित्र नाही, सगळं काम कानावर. २० मेगाहर्ट्झचा प्रोब (आवाज टिपणारी कांडी) डेंटेट लाइनच्या, म्हणजे गुदमार्गातल्या वेदना जाणवणाऱ्या भागाच्या सीमारेषेच्या वर ठेवून घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा आणि कोंबांना रक्त पुरवणाऱ्या सुपीरिअर रेक्टल धमनीची टोकं आवाजावरून हुडकायची. आवाज स्वच्छ आला की प्रोब काढून प्रॉक्टोस्कोपच्या (गुदद्वारातून आत घालायच्या नळीच्या) त्याच छिद्रातून ९८० नॅनोमीटरचं फायबर, धमनी बंद करायला लेसरचे झटके, आणि पुन्हा प्रोब. धमनीचा मघाचा आवाज बंद झालेला कळला की फार समाधान वाटतं. त्या उंचीवर वेदना जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे बऱ्याचदा स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात द्यायची भूल टळते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना त्या भुलेनंतर लघवी अडण्याची धास्ती असते, त्यांच्यासाठी हे मोठंच काम झालं.

त्रास इथेही आहे. प्रोब काढून फायबर घालेपर्यंत पेशंट खोकला तर जागा सरकते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. कान तयार व्हायलाही वेळ लागतो.

कोंब फार बाहेर येत असेल तर नुसता रक्तपुरवठा तोडून भागत नाही, टाके घालून तो वर ओढावा लागतो. मग भूल आलीच. अशा पेशंटला एलएचपी बरी पडेल. ग्रेड ४ला, म्हणजे कोंब कायम बाहेरच राहत असेल तर, मी दोन्ही वापरत नाही, सरळ कापून काढतो. प्रत्येकाचा हात वेगळा, त्यामुळे तुमचा अनुभव निराळा असू शकतो. पण तुमच्या ओपीडीत रक्त पडतंय म्हणून येणारे ग्रेड २चे (कोंब बाहेर येऊन आपोआप आत जाणारे) पेशंट जास्त असतील, तर मला वाटतं डॉप्लर घ्यावा. मात्र ऑर्डर देण्याआधी, तो वापरणाऱ्या एखाद्या सर्जनच्या थिएटरात उभं राहून धमनीचा आवाज एकदा स्वतः ऐका.